वृद्ध वडिलांना जस्ताची गोळी कायम द्यावी का?

प्रश्न (जिंतूर)
नमस्कार. माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. गेले दोन हिवाळे त्यांना वरचेवर सर्दी-खोकला होऊन छातीत कफ साठतो आणि प्रतिजैविके घ्यावी लागतात. दात नसल्यामुळे दुधात किंवा वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, यापलीकडे ते फारसे काही खात नाहीत. औषधाच्या दुकानात 'प्रतिकारशक्तीसाठी' म्हणून ५० मिलिग्रॅम जस्ताची गोळी दिली असून ती कायम चालू ठेवा, असे सांगितले आहे. ती खरोखर उपयोगी आहे का?

उत्तर (वैद्यकीय व्यावसायिक, नांदेड)
उपयोगाला आधार आहे, मात्र 'कायम' या सल्ल्याशी मी सहमत नाही. छातीतील थायमस ग्रंथीत टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तयार होतात. ही ग्रंथी वयानुसार आक्रसत जाते आणि तिच्यातील थायम्युलिन हे संप्रेरक जस्ताशिवाय निष्क्रिय राहते, त्यामुळे म्हातारपणी जस्त कमी पडले की आधीच उतरलेली प्रतिकारशक्ती आणखी उतरते. मानवातील जस्ताची कमतरता प्रथम दाखवून देणारे, मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांच्या गटाने २००७ मध्ये ५५ ते ८७ वयाच्या ५० जणांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभर रोज ४५ मिलिग्रॅम जस्त घेणाऱ्यांना संसर्ग लक्षणीय कमी झाले. अभ्यास लहान होता आणि ते सर्वजण देखरेखीखाली होते, हे विसरू नये.

अमेरिकेतील मानकांनुसार प्रौढांसाठी जस्ताची वरची सुरक्षित मर्यादा आहारासह रोज ४० मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त जस्त दीर्घकाळ घेतल्यास आतड्यातून तांब्याचे शोषण रोखले जाते. त्यातून रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात आणि हातापायांना मुंग्या येऊन तोल जाऊ लागतो. ज्या पेशी वाढवायच्या त्याच अशा घटाव्यात, हे मला फार गंभीर वाटते. शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविके चालू असताना जस्ताची गोळी सोबत घेतल्यास त्या औषधांचे शोषण कमी होते.

उत्तर (आहारतज्ज्ञ, परभणी)
ज्वारीत जस्त असते, पण तिच्यातील फायटेट हा घटक ते बांधून ठेवतो, म्हणून फक्त भाकरीवर राहणाऱ्या माणसाला ते पुरेसे मिळत नाही. २०२० च्या भारतीय शिफारशींनुसार पुरुषाला रोज १७ मिलिग्रॅम जस्त लागते. पीठ आंबवल्याने आणि कडधान्यांना मोड आणल्याने फायटेट कमी होते. आपल्याकडची आंबील याच कारणासाठी मोलाची आहे आणि दात नसलेल्यांना ती सहज पिता येते. मऊ शिजवून घोटलेली मोडाची मटकी, तिळाचे किंवा शेंगदाण्याचे कूट घातलेले वरण आणि चालत असल्यास अंडे द्यावे. इथल्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसारित केलेल्या 'परभणी शक्ती' या ज्वारीत लोह आणि जस्त जास्त आहे. बियाणे मिळाले तर शेतात थोडी जरूर पेरा.

प्रश्नकर्ता (जिंतूर)
मनःपूर्वक आभार. त्यांची लोहाची गोळीही चालू आहे. रक्तातील जस्त तपासून घेऊ का?

उत्तर (वैद्यकीय व्यावसायिक, नांदेड)
तपासा, पण खोकला पूर्ण बरा झाल्यावर, कारण संसर्गात रक्तातील जस्त आपोआप उतरते आणि आकडा फसवा येतो. लोह आणि जस्त वेगवेगळ्या वेळी द्या. वेष्टनावरील ५० हा आकडा मूलद्रव्य (निव्वळ) जस्ताचा आहे की त्याच्या क्षाराचा (संयुगाचा), तेही पाहा; २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटमध्ये जस्त सुमारे ५० मिलिग्रॅमच असते. मधुमेह तपासला नसेल तर तो आधी तपासा, आणि फ्लू व न्यूमोकोकल (न्यूमोनियाविरुद्धच्या) लशींबद्दल तुमच्या डॉक्टरांना या हिवाळ्याआधीच विचारा.