"फीज इज" की "फीज आर"? ट्यूशनच्या जाहिरातीवरून ग्रुपवर झालेली चर्चा

मृणाल, बी-२०३: काकू, जुलैपासूनच्या क्लासची जाहिरात टाकून राहिली आहे. लिफ्टजवळच्या बोर्डावर लावायची आहे आणि ऑनलाइनवाल्यांनाही पाठवायची आहे. एकदा नजर टाका ना.
"आय टेक ट्यूशन्स ऑफ मॅथ्स फॉर क्लास ८ टू १०. फीज इज ₹१,५०० पर मंथ. फीज शुड बी पेड टिल फिफ्थ. टू डेज डेमो फ्री ऑफ कॉस्ट."
ऑनलाइनमध्ये अमेरिकेतली दोन पोरं आहेत.

सुनंदाकाकू, ए-४०१: पहिलंच क्रियापद उलटं पडलं बघ. मराठीत शिकवणारी क्लास "घेते" आणि शिकणारा क्लास "लावतो". त्या "घेते"चं तू "टेक" केलंस. इंग्रजीत लेसन्स "टेक" करतो तो विद्यार्थी. शिकवणारी "गिव्ह" करते, नाहीतर सरळ "टीच". "आय टेक मॅथ्स ट्यूशन्स" वाचून बाहेरचा माणूस म्हणेल, हिचंच गणित कच्चं आहे. "आय टीच मॅथ्स" लिही.

नितीन, सी-१०४: पण काकू, "मॅडम इज टेकिंग अ क्लास" तर शाळेत सर्रास म्हणतात.

सुनंदाकाकू, ए-४०१: ते चुकीचं नाही. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत शिक्षकही "टेक्स अ क्लास", म्हणजे तास घेतो. अमेरिकेत मात्र तेच वाक्य विद्यार्थ्याचं होतं, म्हणून मृणालने टाळलेलं बरं. परीक्षेतही हीच उलटापालट. आपण परीक्षा "देतो", इंग्रजीत पोरगं ती "टेक" करतं, ब्रिटनमध्ये "सिट". "ही गेव्ह द एक्झाम" आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण तिकडे असं वाटतं की पेपर यानेच वाटले.
आता "ट्यूशन्स". ब्रिटिश इंग्रजीत "ट्यूशन" म्हणजे शिकवणं, आणि त्याचं अनेकवचन होत नाही. "ट्यूशन्स" हे आपलं देशी रूप. बोर्डावर चालून जाईल. पण अमेरिकेत "ट्यूशन" म्हणजे शिकवण्याचे पैसे, विशेषतः कॉलेजची किंवा खासगी शाळेची फी. "माय ट्यूशन इज ऑनलाइन" लिहिलंस तर ते समजतील, फी ऑनलाइन भरायची आहे. खासगी शिकवणीला तिकडचा शब्द "ट्यूटरिंग". शिवाय विषयाला "ऑफ" लागत नाही. "मॅथ्स ट्यूशन" किंवा "ट्यूशन इन मॅथ्स". त्यांच्यासाठी "मॅथ", शेवटचा "स" काढून, आणि "क्लास ८" ऐवजी "ग्रेड ८".

प्रमोदभाऊ, बी-५०२: मृणाल, पावतीवरही "ट्यूशन फी" छापू नको. आयकराच्या जुन्या रेजिममध्ये ₹१.५ लाखाच्या मर्यादेत दोन मुलांच्या ट्यूशन फीची वजावट मिळते, पण ती शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणाची. खासगी क्लासची फी त्यात बसत नाही. डोनेशन आणि डेव्हलपमेंट फीसुद्धा नाही. नाव एकच असल्याने लोक क्लासची पावती ऑफिसात जोडतात आणि ती परत येते. तू "कोचिंग फी, मॅथ्स, जुलै" असं लिही.

रश्मीताई, ए-१०२: म्हणजे शाळेच्या पावतीवर "ट्यूशन फी" असते ती शाळेच्याच शिकवण्याची? आमच्या घरी वाटायचं, शाळा वेगळी ट्यूशन लावून राहिली.

प्रमोदभाऊ, बी-५०२: हो, शाळेचीच. बस, लायब्ररी, टर्म फी या ओळी वेगळ्या असतात.

मृणाल, बी-२०३: बरं. "फीज इज" तरी बरोबर आहे ना?

सुनंदाकाकू, ए-४०१: तेही नाही 😄 हा आपला नागपुरी घोळ. आपण हिंदीतून "फीस" उचलली, ती एकवचनी: फीस भरली, फीस वाढली. तीच डोक्यात ठेवून "फीज इज" होतं. इंग्रजीत "द फी इज" नाहीतर "द फीज आर". एका विषयाची महिन्याची ठरलेली रक्कम म्हणून तुला "द फी इज" सोयीचं. आणि दुसऱ्या शब्दाला जोडताना एकवचनच: "फी रिसीट", "फी स्ट्रक्चर".

नितीन, सी-१०४: "पे फॉर द फीज" म्हणायचं की "पे द फीज"?

सुनंदाकाकू, ए-४०१: "पे"च्या पुढे काय येतं ते बघ. पैशाचंच नाव असेल (फी, बिल, रेंट, डिपॉझिट) तर "फॉर" नाही: "पे द फी". पैसे देऊन जे मिळतं ते असेल तर "फॉर" हवाच: "पे फॉर द लेसन्स", "पे फॉर द बुक्स". माणूस लगेच पुढे आला तर काहीच नको: "पे द टीचर". रक्कम आधी आणि माणूस नंतर आला तर "टू": "पे द फी टू द टीचर". तिन्ही एकत्र: "वी पे हर ₹१,५०० अ मंथ फॉर मॅथ्स लेसन्स".
आपण फी "भरतो" म्हणून कुणी "फिल द फीज" लिहितं. फिल होतो तो फॉर्म. आणि शिकवणारी फी "घेते" तिथेही "टेक" नाही, "चार्ज": "शी चार्जेस ₹१,५०० अ मंथ".

मृणाल, बी-२०३: "टिल फिफ्थ"?

सुनंदाकाकू, ए-४०१: मराठी "पर्यंत" दोन कामं करतो, इंग्रजीत त्याला दोन शब्द. एखादी गोष्ट त्या तारखेपर्यंत चालूच राहणार असेल तर "टिल": "द ऑफिस इज ओपन टिल फाइव्ह". त्या तारखेच्या आत एकदा उरकायची असेल तर "बाय". "पे टिल द फिफ्थ" म्हणजे पाच तारखेपर्यंत रोज भरत राहा बाप्पा!

रश्मीताई, ए-१०२: आणि बाकी राहिली तर? "युवर फीज आर पेंडिंग, काइंडली डू द नीडफुल" पाठवते मी.

प्रमोदभाऊ, बी-५०२: "डू द नीडफुल" वाचून समोरच्याला किती आणि कधी ते कळत नाही, म्हणून तो गप्प बसतो. रक्कम, महिना, तारीख लिहा. "ड्यू" म्हणजे द्यायची आहे, अजून वेळ असू शकते. "ओव्हरड्यू" म्हणजे तारीख उलटली. "द जुलै फी ऑफ ₹१,५०० वॉज ड्यू ऑन द फिफ्थ. प्लीज पे बाय द ट्वेल्फ्थ." एवढं पुरे. फी माफ केली तर "वेव्ह्ड", थोडी कमी केली तर "डिस्काउंट" किंवा "कन्सेशन". परत दिली तर "रिफंडेड". "रिफंड बॅक" नको, "बॅक" त्यातच आलं.

सुनंदाकाकू, ए-४०१: "फ्री ऑफ कॉस्ट" आपल्याकडे चालतं, बाहेर "फ्री ऑफ चार्ज" म्हणतात. नुसतं "फ्री" सगळ्यात छान. "डेमो" तिकडे यंत्रांचा, क्लासचा "ट्रायल". घे, बोर्डासाठी:
"मॅथ्स ट्यूशन फॉर क्लासेस ८ टू १०. द फी इज ₹१,५०० अ मंथ, पेएबल इन अ‍ॅडव्हान्स बाय द फिफ्थ. टू फ्री ट्रायल क्लासेस."
आणि अमेरिकेसाठी: "ऑनलाइन मॅथ ट्यूटरिंग फॉर ग्रेड्स ८ टू १०." पुढचं तेच. फक्त फी डॉलरमध्ये आणि प्रत्येक लेसनची लिही.

मृणाल, बी-२०३: झक्कास. वेळ "६:३० एएम" टाकू ना?

प्रमोदभाऊ, बी-५०२: "इंडियन टाइम" जोड. न्यूयॉर्ककडे तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे ९ वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, मग तोच क्लास तिकडे रात्री ८ ला येतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा ९.