गावच्या पोलिसांशी दंडाच्या तिकिटापलीकडचा संबंध : तुमचे अनुभव

दर वर्षी आमच्या सबर्बचं पोलीस डिपार्टमेंट वार्षिक अहवाल काढतं. गाड्या किती थांबवल्या, घरफोड्या किती झाल्या, लहान मुलांच्या कार सीट किती तपासल्या, शाळांत किती वेळा गेले. आकडे भरपूर, माणूस कुठेच नाही. अमेरिकेत छोट्यामोठ्या मिळून सुमारे १८,००० पोलीस यंत्रणा आहेत. आपल्या टाउनचा चीफ टाउनलाच उत्तर देतो, आणि आपला प्रॉपर्टी टॅक्स त्यांच्याकडेही जातो. तरी आपली ओळख आरशात दिसणाऱ्या लाल-निळ्या दिव्यांपुरतीच. म्हणून हा धागा. त्यांचे वर्ग, तपासण्या, कार्यक्रम ज्यांनी वापरलेत त्यांनी लिहा. बरं-वाईट दोन्ही चालेल. गावाचं नाव नको.

रानवारा
बाळ यायच्या आधी कार सीट तपासायला स्टेशनवर गेलो. वाटलं होतं, बसवून देतील. तिथली ऑफिसर प्रमाणित टेक्निशियन होती, पण तिने सीटला हातच लावला नाही. "घरी मी नसेन," म्हणाली, आणि नवऱ्याला कामाला लावलं. पट्टा ओढून झाला की तो जिथून जातो तिथे सीट धरून हलवायची. एक इंचापेक्षा जास्त सरकली तर परत पहिल्यापासून. तिसऱ्यांदा जमलं तोवर साहेब घामाघूम. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत हवी. खांद्यापाशी पट्टा चिमटीत आला तर तो सैल. थंडीत जाड फुगीर जॅकेटवर पट्टे लावायचे नाहीत, कारण धडकेत जॅकेट दबतं आणि पट्टे ढिले पडतात. पट्टे लावून वरून पांघरूण घालायचं. हे सगळं फुकट, आणि यूट्यूबपेक्षा शंभर पट बरं.

कोकणकडा
भारतात जायच्या आधी व्हेकेशन हाउस चेकचा फॉर्म भरतो. गस्तीवरचा ऑफिसर अधूनमधून घराभोवती चक्कर मारतो. (टपाल पोस्टातच ठेवून घेण्याची होल्ड मेल सोय जास्तीत जास्त ३० दिवसच चालते, लांबची ट्रिप असेल तर वेगळी सोय बघा.) एकदा घराची सुरक्षा तपासणीही मागून घेतली. कॅमेरे-बिमेरे सांगेल असं वाटलं होतं. त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, चौकटीवरची कुलपाची पट्टी उघडली आणि आतला स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला. नखाएवढा! दाराचं डेडबोल्ट (चौकटीत जाणारा कुलपाचा जाड दांडा) कितीही भारी असो, एका लाथेत चौकट फाटणार. तीन इंची स्क्रू घाला, ते आतल्या लाकडी खांबात जातात. शिवाय खिडकीखालची झुडपं छाटा. आणि दागिने घरात ठेवू नका, हे त्याने मी न विचारता सांगितलं. दिवाळीच्या सुमारास भारतीय घरांवर चोरांची नजर असते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

आजोबांची_लेक
सगळं छानच चाललंय म्हणून थोडं वेगळं. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसनमध्ये मुलाकडे आलेले एक गुजराती आजोबा सकाळी फिरायला निघाले होते. कुणीतरी संशयित म्हणून फोन केला, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं. गंभीर इजा झाली. खटला चालला, पोलीस सुटला. माझे बाबाही रोज असेच चालतात, मान खाली, हात मागे. तेव्हापासून त्यांच्या खिशात माझं नाव-नंबर-पत्ता लिहिलेलं कार्ड असतं.

'कॉफी विथ अ कॉप' (पोलिसांशी कॉफीवर गप्पांचा कार्यक्रम) होती तेव्हा कॉफी बाजूला ठेवून मी हेच विचारलं: इंग्रजी न येणारा म्हातारा माणूस दिसला तर तुमचा ऑफिसर काय करतो? सार्जंटने गोलमोल उत्तर दिलं नाही, हे खरं. डिस्पॅचमार्फत (पोलिसांच्या कंट्रोल रूममार्फत) फोनवर दुभाषी जोडता येतो, फक्त भाषेचं नाव कळायला हवं, म्हणाला. तेव्हा कार्डावर मोठ्या अक्षरांत भाषाही लिहिली. पण ही दुभाष्याची सोय रात्रीच्या पाळीतल्या नव्या पोराला माहीत असते का, याची खात्री मला अजून नाही.

उंबरठा
सिटिझन पोलीस अकॅडमी केली, म्हणजे नागरिकांना पोलिसांचं काम दाखवणारे वर्ग. आठवड्यातून एक संध्याकाळ. ही कल्पना मूळची इंग्लंडची (१९७७), इथे ऑरलँडोने १९८५ मध्ये सुरू केली. एका वर्गात नाटक असतं: तुम्ही पोलीस, समोर अंधारात थांबलेली गाडी, आत खरा ऑफिसर चालक बनून बसलेला. मी टॉर्च धरून खिडकीपाशी गेले आणि माझी नजर त्याच्या चेहऱ्यावर टिकेना, सारखी हातांकडे जायची. त्याने सहज ग्लव्ह कंपार्टमेंट उघडलं, माझ्या पोटात गोळा. तेव्हापासून पोलिसांनी गाडी थांबवली की आतला दिवा लावते, हात स्टिअरिंगवर, आणि कागद काढायच्या आधी सांगते. राइड-अलाँगही केली, म्हणजे ऑफिसरबरोबर गस्तीच्या गाडीतून फिरले. बहुतेक वेळ खोटे वाजलेले अलार्म आणि टायपिंग.

ठाणेकर_परदेशी
लायब्ररीत ज्येष्ठांसाठी फसवणुकीवर सत्र होतं, आईला घेऊन गेलो. मुद्दे नेहमीचेच: आयआरएस (इथलं आयकर खातं) किंवा पोलीस गिफ्ट कार्डाने पैसे मागत नाहीत, वॉरंट फोनवर मिटत नाही, फोन ठेवा आणि स्टेशनचा नंबर स्वतः शोधून लावा. मग डिटेक्टिव्हने स्लाइड लावली: ऑक्टोबर २०१६, आयआरएसच्या नावाने अमेरिकनांना फोन करून फसवणाऱ्या मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांचा छापा. आई आख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अगं बाई, आपल्याच शेजारी!" मी छताकडे बघत बसलो. छापा घालणारेही ठाण्याचेच, हे मात्र तिने त्या डिटेक्टिव्हला सत्रानंतर गाठून सांगितलं.

निवांत
नॅशनल नाइट आउट, म्हणजे पोलीस आणि शेजाऱ्यांचा मेळावा, ऑगस्टचा पहिला मंगळवार (टेक्सासवाले उन्हामुळे ऑक्टोबरात करतात). पोरं पोलिसांच्या गाडीत बसतात, सायरन वाजवतात, स्टिकरचा बिल्ला लावून घरी येतात. ओळख होते म्हणतात. झाली असेल. त्यापेक्षा एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये येणारा जुनी औषधं परत घेण्याचा शनिवार उपयोगाचा. सासऱ्यांच्या ऑपरेशननंतर उरलेल्या वेदनाशामक गोळ्या त्यात टाकल्या. नाव नाही, गाव नाही, प्रश्न नाही.

सही_रे
अहवालाबद्दल एक. कार सीटच्या पानावर थांबू नका, तक्रारी आणि बळाच्या वापराचं पान उघडा. इलिनॉयमध्ये तर २००४ पासून थांबवलेल्या प्रत्येक चालकाच्या वंशाची नोंद द्यावी लागते. आमच्या अहवालात तक्रारी किती आल्या ते होतं, निकाल काय लागले ते नव्हतं. टाउन काउन्सिलच्या सभेत नागरिकाला तीन मिनिटं मिळतात, तिथे विचारलं. पुढच्या वर्षीच्या अहवालात तो रकाना आला. निम्मे रकाने "चौकशी सुरू" आहेत, ते कधी बंद होणार हे यंदा विचारणार आहे.