झेड ६ की झेड ७: पिक्सेलच्या आकाराबद्दल

निकॉनच्या झेड ६ आणि झेड ७ या कॅमेऱ्यांबद्दल ‘पिक्सेल मोठे म्हणून झेड ६ मध्ये नॉईज (फोटोतले दाणे) कमी’ हे मत अर्धंच पटलं. शंभर टक्के झूम करून पाहिलं तर तसं दिसतं खरं, पण झेड ७ चा ४५.७ मेगापिक्सेलचा फोटो झेड ६ च्या २४.५ वर उतरवून त्याच्या फोटोशेजारी ठेवा, फरक जवळपास विरतो. दोन्हींच्या सेन्सरचं (प्रकाश टिपणाऱ्या चिपचं) क्षेत्रफळ सारखंच ना!

उलट झेड ७ चा बेस आयएसओ (सर्वात कमी मूळ प्रकाश-संवेदनशीलता) ६४, झेड ६ चा १००. ट्रायपॉडवर निसर्गचित्रं काढताना सुमारे दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त प्रकाश साठवता येतो, सावल्या उजळल्या तरी स्वच्छ राहतात. व्हिडिओत मात्र झेड ६ सरस: फुल फ्रेम फोरकेसाठी (सेन्सरची पूर्ण रुंदी वापरून घेतलेला फोरके व्हिडिओ) तो सगळे पिक्सेल वाचतो, झेड ७ पिक्सेलच्या काही ओळी गाळतो. बारीक चौकड्यांच्या शर्टावर खोट्या लहरी उमटतात, तेव्हा ते लगेच कळतं.