प्रेमात कमनशिबी नायक: खोट नशिबाची की स्वभावाची?

हरिपूरकर
प्रेमात सारखा तोंडावर पडणारा नायक घेऊन लिहिलेल्या विनोदी एकांकिका पंधराव्या मिनिटाला दमतात, कारण लेखक सगळा भार नशिबावर टाकतो. बॅटरी संपली, पाऊस आला, गाडी पंक्चर. तिसऱ्या खेपेला पुढचं काय ते प्रेक्षकच सांगतो. माझ्या मते 45 मिनिटांत योगायोग एकच, तोही पहिल्या आठ मिनिटांत. पुढची सगळी फजिती नायकाच्या एका खोडीतून निघावी.

समजा, खोड अर्धवट बोलण्याची. तो म्हणतो, "स्टेशनवर ये." ती सांगली स्टेशनला, हा मिरज जंक्शनला. पुढच्या वेळी "गणपतीपाशी भेटू". ती संस्थानच्या गणपतीला, हा हरिपूर रस्त्याला बागेतल्या गणपतीपाशी. दोघंही वेळेवर हजर, म्हणून हसू येतं आणि वाईटही वाटतं.

आपल्या हरिपूरच्या नाटककार गो. ब. देवलांनी हेच केलं. त्यांच्या 'संशयकल्लोळ' नाटकात तसबीर हातची सुटते हा योगायोग, पण घोटाळा वाढतो तो फाल्गुनराव आणि कृत्तिका या नवरा-बायकोच्या संशयी स्वभावामुळे.

तिसरी घंटा
हरिपूरकर, तुम्ही प्रेमाचा पंचनामा करताय. खोड दाखवली की प्रेक्षक म्हणतो, "नीट बोल की लेका!" मग त्याच्यासाठी जीव तुटत नाही. आणि 'संशयकल्लोळ' हे संशयाचं नाटक, कमनशिबाचं नव्हे. कमनशिबी माणसानं सगळं नीट करावं आणि तरीही हुकावं, तेव्हाच तो आपला वाटतो.

पत्रिका घ्या. मंगळ 1, 4, 7, 8 किंवा 12 व्या घरात निघाला की मुलगा मंगळाचा. यात त्याचा काय दोष? बघण्याचा कार्यक्रम रंगात आलेला असतो, आणि मामा पत्रिका उघडतात. हे तीनदा दाखवा, पण दर वेळी बशी बदला. पहिल्या घरी पोह्यांवर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. दुसऱ्या घरी नुसते पोहे. तिसऱ्या घरी फक्त चहा, तोही अर्धा कप. एकही वाक्य न बोलता त्याची पत किती उतरली ते कळतं. फक्त ती बशी पुढच्या कडेला, उजेडात ठेवा. मागच्या सोफ्यापाशी ठेवलीत तर दहाव्या रांगेला काहीच दिसणार नाही.

शिवाय तुमच्या स्टेशनच्या प्रसंगाला भोक आहे. ती फोन का लावत नाही?

हरिपूरकर
लावते की. तो सांगतो, "एक नंबरवर उभा आहे, घड्याळाखाली." एक नंबर प्लॅटफॉर्म सांगलीलाही आहे आणि मिरजेलाही. ती घड्याळाखाली जाऊन उभी राहते. फोनमुळे घोटाळा सुटायच्या ऐवजी घट्ट होतो.

बशीची कल्पना मात्र सुंदर. पण तीन घरं म्हणजे तीन नेपथ्यं, आणि मामा, आई, मुलगी मिळून नऊ माणसं. हौशी संस्थेला झेपेल?

विंगेतला
झेपेल. सोफा एकच, खोळ बदला. मामाही एकच नट, टोपी बदलून. पण घरांच्या मधला काळोख पाच सेकंदांवर जाऊ देऊ नका, हसू तिथंच थंड होतं. बदल उजेडात, संगीतावर करा.

स्टेशनसाठी काळोख लागतच नाही. रंगमंचाच्या दोन टोकांना दोन स्पॉट, दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला. फोनवरचं प्रत्येक उत्तर लगेच यायला हवं, तिथं दम खाल्लात की प्रेक्षक विचार करू लागतो आणि घोळ आधीच पकडतो. "घड्याळाखाली"नंतर मात्र थांबा. हसणं निम्म्यावर आलं की पुढचं वाक्य. पूर्ण शांततेची वाट पाहिली तर लय पडते, आणि घाई केली तर पुढचं वाक्य हशात बुडतं. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात आणि साताऱ्याच्या शाहू कला मंदिरात हा थांबा सारखा नसेल, म्हणून रंगीत तालीम मागच्या रांगेत चार माणसं बसवून घ्या.

कृष्णाकाठ
तुम्ही दोघंही तिला विसरलात. अशा संहितेत नायिका तिसऱ्या पानावर भेटते आणि थेट शेवटच्या पानावर "हो" म्हणायला येते. तिचा होकार मग फुकटचा वाटतो. तिलाही खोड द्या. उलटून विचारायचं नाही, ताठा. अर्धवट बोलणारा आणि परत न विचारणारी, असे दोघं लागतात तेव्हा हा घोळ पुरा होतो. आणि शेवट योगायोगानं जुळवू नका. योगायोगानं अडकवलं तर चालतं, सोडवलं तर फसवल्यासारखं वाटतं.

तिसरी घंटा
पटलं, पण निम्मंच. मंगळ कुठल्या खोडीतून येतो? माझ्या नायकाला मी दोष देणार नाही. तुमच्या सूचनेतलं एक घेतो: तिसऱ्या घरातली मुलगी स्वतः आत जाऊन पोह्यांची बशी घेऊन येते. लिंबाच्या फोडीसकट. मामा पत्रिका वाचतच असतात.

हरिपूरकर
ही बशी नशिबानं आलेली नाही, तिनं आणलीय. माझंही म्हणणं तेच होतं. माझ्याकडे ती दुसऱ्यांदा फोन लावून विचारेल, "कुठल्या गावचा एक नंबर?" आणि तो पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलेल: "मिरज जंक्शन, एक नंबर, घड्याळाखाली, आणि तू येईपर्यंत हलणार नाही." पडदा तिथंच.