रक्त 'पातळ' करायचं की साकळू द्यायचं नाही?

गंगापूररोडकरीण: हृदयाची मायट्रल झडप बदललेल्या रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. ब्लड थिनरला, म्हणजे वॉरफरिनला, 'रक्त पातळ करणारी गोळी' लिहिलं. दिंडोरीकडच्या एका आजींनी ते वाचलं आणि गोळी दिवसाआड घ्यायला लागल्या. "माझं रक्त मुळातच पातळ, हातपाय गळतात, अजून पातळ कशाला?" वर अंगात रक्त भरावं म्हणून रोज पालक. आयएनआर, म्हणजे रक्त साकळायला किती वेळ लागतो त्याचं माप, हवा २.५ ते ३.५, आला १.४! दुसरा शब्द सुचवा.

सातपूरचा: रक्तक्लथनरोधक. नेमका आहे.

जुनी सिस्टर: वॉर्डात एकदा म्हणून दाखवा हो. मी 'गुठळी होऊ न देणारी गोळी' सांगते. रक्ताचा दाटपणा तोच राहतो, फक्त साकळायला वेळ लागतो. पालेभाजी बंद नको, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच हवी. तिच्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं. विसरलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही, दुखण्याची गोळी मनाने घ्यायची नाही. शी डांबरासारखी काळी झाली किंवा डोक्याला मार लागला तर घरी बसायचं नाही. हे मोठ्या अक्षरात छापा, शब्द कुठलाही घाला.

पंचवटीवाला: साकळणे! आजी मुका मार लागला की "रक्त साकळलंय" म्हणून आंबेहळद लावायची. साखळीवरूनच आला असणार, कण कणाला जोडले जातात ना.

सातपूरचा: साखळी शृंखलेवरून. साकळणं तिथूनच, याला पुरावा? उद्या वॉरफरिनमधला 'वॉर' युद्धाचा म्हणाल.

पंचवटीवाला: नाहीये का?

सातपूरचा: विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रतिष्ठानाची इंग्रजी आद्याक्षरं आहेत ती. १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला बाजारात आलं.

जुनी सिस्टर: हे तेवढं पत्रकात नको. आजी उरलेली गोळीही सोडतील.

निफाडकर: 'रक्त गोठू न देणारी' का नको? शाळेत गोठणंच शिकलो.

पंचवटीवाला: पाणी गोठतं, तूप थिजतं, रक्त साकळतं.

निफाडकर: जानेवारीत निफाडला या, तूपही गोठलेलं दाखवतो.

सातपूरचा: ते थिजणंच. बोलीच्या नावाखाली काहीही खपवू नका.

गंगापूररोडकरीण: पत्रक उद्या छापायला जातंय. आणि आयएनआरला काय लिहू, ते अजून विचारलंच नाहीये मी.