छायाचित्राच्या प्रतीची रास्त किंमत कशी ठरवावी?

धागाकर्ती (विद्यार्थिनी, पुणे)

मी छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रबंधासाठी मी छायाचित्राच्या मुद्रित प्रतीची रास्त किंमत हा विषय घेतला आहे. गेली दोन वर्षे कोल्हापुरातील कुस्तीच्या तालमींमध्ये मी काढलेल्या छायाचित्रांपैकी बारा छायाचित्रे येत्या हिवाळ्यात प्रदर्शनात मांडायची आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला स्वतःलाही सोडवायचा आहे.

माझा हिशेब असा आहे. सोळा बाय चोवीस इंचांची प्रत सुती कागदावर पिगमेंट शाईने (टिकाऊ रंगकणांच्या शाईने) छापून घेण्यास सुमारे १,६०० रुपये लागतात. लाकडी चौकट व काच यांचे २,२०० रुपये होतात. चाचणी-प्रती आणि कोल्हापूरच्या फेऱ्या यांचा वाटा प्रत्येक प्रतीवर ७०० रुपये धरला आणि माझ्या श्रमाचे १,५०० रुपये मिळवले, की किंमत ६,००० रुपये होते. ही किंमत, हिशेबासकट, मी चित्राखाली उघडपणे लिहावी असे मला वाटते.

मला मिळालेला सल्ला मात्र वेगळा आहे: प्रत्येक छायाचित्राच्या सातच प्रती काढ, पहिली २५,००० रुपयांना दे आणि प्रती संपत जातील तशी किंमत वाढवत ने. हे मला पटत नाही. आठवी प्रत पहिलीइतकीच चांगली निघणार असताना ती छापायचीच नाही, आणि तीही केवळ आधीच्या सात महाग राहाव्यात म्हणून, यात ग्राहकाचे कोणते हित आहे? शिवाय ही मर्यादा वाटते तितकी पक्की नसते. अमेरिकी छायाचित्रकार विल्यम एगलस्टन यांनी आपल्या जुन्या, मर्यादित आवृत्तीत विकलेल्या छायाचित्रांच्या मोठ्या आकाराच्या नव्या प्रती २०१२ मध्ये लिलावात विकल्या, तेव्हा आधीच्या प्रती घेतलेला एक संग्राहक न्यायालयात गेला. वेगळ्या आकाराच्या व वेगळ्या प्रक्रियेने काढलेल्या प्रती ही नवी आवृत्ती ठरते, असे मानून न्यायालयाने २०१३ मध्ये त्याचा दावा फेटाळला.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत मुद्रणालय सुरू केले (ते पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेले) आणि त्यांची लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांच्या देवघरांत पोहोचली. प्रती पुष्कळ निघाल्या म्हणून त्या चित्रांचे मोल कमी झाले, असे कोणी म्हणेल का?

प्रतिसाद १ (व्यावसायिक छायाचित्रकार, मुंबई)

आपली कळकळ मी समजू शकतो, पण आपला हिशेब अपुरा आहे आणि त्यावर उभा केलेला निष्कर्षही मला चुकीचा वाटतो.

आधी हिशेबाविषयी. कॅमेरा व भिंगांची झीज कोठे आहे? बारांपैकी सात-आठ चौकटी विकल्या गेल्या नाहीत, तर त्या वर्षानुवर्षे कोरड्या जागी सांभाळाव्या लागतात. तो खर्च कोणाच्या खात्यावर पडतो? आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दलाली. व्यावसायिक कलादालने विक्रीच्या निम्म्यापर्यंत रक्कम घेतात. ६,००० रुपयांची प्रत अशा दालनातून विकली गेली, तर आपल्या हाती ३,००० येतील आणि खर्चच ४,५०० झालेला असेल. उद्या दालनासाठी किंमत दुप्पट केली, तर आज थेट घेणाऱ्यांना आपण काय सांगणार?

रविवर्मांचे उदाहरण येथे लागू होत नाही. त्यांच्याजवळ मूळ तैलचित्र होते आणि शिळाछापाच्या प्रती ही त्यापुढची कमाई होती. छायाचित्रकाराजवळ विकण्याजोगे मूळ असे काही नसते. प्रत हीच त्याची कलाकृती. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५३ए पाहावे. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुनर्विक्री झाल्यास त्यातील वाटा मागण्याचा हक्क हे कलम चित्र, शिल्प, रेखाटन आणि मूळ हस्तलिखित यांच्या कर्त्यांना देते. त्या यादीत छायाचित्राचे नाव नाही. आपली प्रत वीस वर्षांनी लाखाला विकली गेली, तरी कायद्याने आपल्याला त्यातले काही मिळणार नाही. म्हणून पहिली विक्री हीच आपली एकमेव विक्री आहे, असे समजून किंमत ठरवावी.

मर्यादित आवृत्ती हे ग्राहकाला दिलेले वचन असते. वचन मोडता येते, म्हणून ते देऊच नये, हा युक्तिवाद मला मान्य नाही.

प्रतिसाद २ (प्रिंट लॅबचालक, नाशिक)

छपाई हा माझा रोजचा व्यवसाय असल्याने तेवढ्यापुरतेच लिहितो. ‘प्रत’ हा एकच शब्द फार वेगवेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. प्लास्टिकचा थर असलेल्या नेहमीच्या फोटो-कागदावरची प्रत आणि जाड सुती कागदावरची पिगमेंट शाईची प्रत यांच्या छपाईखर्चात कित्येक पटींचा फरक असतो आणि टिकाऊपणातही. भिंतीवर टांगल्यावर काचेमागून मात्र तो फरक सामान्य ग्राहकाला ओळखू येत नाही. स्वस्त कागदावरची प्रत सुती कागदाच्या दराने विकलेली मी पाहिली आहे, आणि माझ्या मते खरा अन्याय तो आहे. कागद कोणता, शाई कोणती, छापल्याची तारीख कोणती, हे प्रतीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले असलेच पाहिजे.

संख्येबद्दल माझा कल धागाकर्तीकडे आहे. अमेरिकी छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ मध्ये तिथल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचे जे छायाचित्र घेतले, त्याच्या एक हजारांहून अधिक प्रती त्यांनी स्वतःच्या हाताने काढल्या. तरीही २००६ मध्ये त्यांतील एक प्रत लिलावात सहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. अॅडम्स यांनी १९७५ च्या अखेरीनंतर प्रतींची मागणी स्वीकारणे बंद केले आणि त्यांच्या किमती त्यानंतरच झपाट्याने चढल्या. पुरवठा थांबणार हे ग्राहकाला कळले, हेच त्याचे कारण. शिवाय फिल्मवरून प्रत काढण्याच्या अंधाऱ्या खोलीत त्यांची प्रत्येक प्रत नव्याने घडत होती. फाइल पाठवून छापून घेतलेल्या प्रतीला तो युक्तिवाद लागू होत नाही, आणि म्हणूनच डिजिटल प्रतींना संख्येची मर्यादा अधिक आवश्यक आहे.

प्रतिसाद ३ (कोल्हापूर)

माझे वडील आणि चुलते तालमीतच वाढले. वरील चर्चेत छायाचित्रकार, दालन, लॅब आणि संग्राहक या सर्वांच्या हिताचा विचार झाला. ज्यांची छायाचित्रे आहेत, त्यांचा उल्लेखही झाला नाही. आमच्या तालमीतला पोरगा पहाटे उठून कुस्तीच्या हौद्यातील माती उकरतो आणि दूध-बदामाचा खुराक घरच्यांना जेमतेम परवडतो. त्याच्या घरच्यांना स्वतःच्या मुलाचे छायाचित्र ६,००० रुपयांना घेता येणार नाही. २५,००० तर बोलायलाच नको. वस्तादांनी विश्वासाने आत घेतले म्हणून ही छायाचित्रे निघाली. ती किंमत रास्त आहे का, हे विचारताना ‘कोणासाठी’ हेही विचारावे, एवढी विनंती आहे.

धागाकर्ती

तिसऱ्या प्रतिसादाने मला माझी चूक दाखवून दिली. ज्यांची छायाचित्रे आहेत, त्यांचा विचार किंमत ठरवण्याआधीच व्हायला हवा होता. या महिन्यात छायाचित्रांतील प्रत्येक पैलवानाला आणि तालमीला एकेक प्रत मी विनामूल्य पोहोचवीन आणि तो खर्च माझा धरीन. त्यांच्या ओळखीच्यांनाही घेता यावी म्हणून साध्या फोटो-कागदावरची आठ बाय बारा इंची प्रत ३०० रुपयांना ठेवीन, आणि ती सुती कागदाची नाही हे मागे स्पष्ट लिहीन.

झीज आणि न विकलेल्या चौकटी यांबाबत मुंबईच्या सदस्यांचे म्हणणे मान्य करून मोठ्या प्रतीची किंमत ७,५०० रुपये करते. दलाली घेणाऱ्या दालनात तूर्त जाणार नाही, कारण एकाच वस्तूच्या दोन किमती ठेवणे मला जमणार नाही. कलम ५३ए मला ठाऊक नव्हते; त्यावर प्रबंधात स्वतंत्र प्रकरण लिहावे लागेल.

संख्येची मर्यादा मात्र मी घालणार नाही. प्रत्येक प्रतीवर क्रमांक आणि तारीख असेल आणि किती प्रती निघाल्या याची नोंदवही कोणालाही पाहता येईल.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

नोंदवही ठेवण्याचा विचार चांगला आहे, पण ती आजवर किती प्रती निघाल्या एवढेच सांगते. ७,५०० रुपये देणाऱ्याने ‘आणखी किती निघतील?’ असे विचारले, तर आपले उत्तर काय असेल?

धागाकर्ती

लोक मागतील तितक्या, आणि मला चांगली छापता येईल तोवर, हेच उत्तर देईन. ते ऐकून एखाद्याने प्रत घेतली नाही, तर तेही माझ्या प्रबंधात नोंदवीन.