बिनतारी दुव्यावरील टीसीपी: या विषयात संशोधनाला अजून वाव उरला आहे का?

संचारविद्यार्थिनी (प्रश्न)

मी संगणक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला असून प्रबंधासाठी मार्गदर्शकांनी ‘बिनतारी जाळ्यांवरील टीसीपीची कार्यक्षमता’ हा विषय सुचवला आहे. जुने शोधनिबंध वाचायला घेतले तेव्हा जवळपास सगळीकडे एकच मांडणी आढळली. पॅकेट (माहितीचा तुकडा) गहाळ झाले म्हणजे वाटेत कोठेतरी गर्दी झाली असे टीसीपी (इंटरनेटवर माहिती पोहोचवण्याची नियमावली) समजतो आणि पाठवण्याचा वेग कमी करतो. बिनतारी दुव्यावर मात्र पॅकेट गर्दीमुळे नव्हे, तर सिग्नल बिघडल्यामुळे गहाळ होते, त्यामुळे वेग विनाकारण पडतो. ही मांडणी १९९५च्या सुमाराची आहे. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे, की त्यावर लिहिण्यासारखे आता काही उरलेले नाही.

प्रयोगशाळेत ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली) चालणारे दोन राउटर आणि काही जुने लॅपटॉप आहेत, महागडी मापनयंत्रे नाहीत. राउटरजवळच्या लॅपटॉपवरून पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजणारी चाचणी) चालू ठेवून दोन भिंतींपलीकडच्या फोनवर मोठी फाइल उतरवायला लावली, तर जवळच्या लॅपटॉपचा विलंब दोन-चार मिलिसेकंदांवरून कधीकधी पाऊण सेकंदापर्यंत चढतो. पॅकेट मात्र क्वचितच गहाळ होते. जुन्या मांडणीत हे कसे बसवायचे, हे मला उलगडत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनापॅकेट

तुमच्या शेवटच्या निरीक्षणातच विषय दडलेला आहे. त्याआधी जुनी मांडणी कोठून आली ते पाहू, कारण ती चुकीची नव्हती, तिच्या पायाखालची जमीन सरकली.

ऑक्टोबर १९८६मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधील, म्हणजे अवघ्या चारशे यार्डांवरील, जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. पाठवणारी यंत्रे गहाळ झालेली पॅकेटे पुन्हा पुन्हा पाठवत राहिली आणि जाळे त्याच पुनरावृत्तीने तुंबले. व्हॅन जेकबसन यांनी १९८८च्या निबंधात त्यावर जो उपाय मांडला, त्याचे पुढचे अवतार आजही प्रत्येक यंत्रात चालतात. त्या निबंधात त्यांनी एक गृहीतक उघडपणे नोंदवले होते, की तारेवर पॅकेट बिघडून गहाळ होण्याचे प्रमाण एक टक्क्यापेक्षा कितीतरी कमी असते, म्हणून गहाळ होणे हे गर्दीचेच लक्षण मानायला हरकत नाही. तारेपुरते ते बरोबर होते. रेडिओ आला आणि गृहीतक डळमळले; बर्कलीमधील हरी बालकृष्णन आणि सहकाऱ्यांचा ‘स्नूप’ हा उपाय त्यातूनच १९९५मध्ये पुढे आला. बेस स्टेशनने टीसीपीची पॅकेटे स्वतःजवळ राखून ठेवायची आणि हवेत हरवलेले पॅकेट पाठवणाऱ्याला कळू न देता तेथूनच पुन्हा पाठवायचे, अशी ती योजना होती.

आता तुमच्या राउटरकडे या. वायफायमध्ये एका यंत्राला उद्देशून पाठवलेल्या प्रत्येक फ्रेमची (हवेतून जाणाऱ्या पुडीची) पोच लगेच यावी लागते. ती आली नाही, तर कार्ड स्वतःच फ्रेम पुन्हा पाठवते, आणि पुन्हा फसली तर वेग उतरवून पाठवते. म्हणजे स्नूप जे काम वरच्या थरात करू पाहत होता, त्यातले बरेचसे खालच्या थरातच उरकले जाते. पॅकेट शेवटी पोहोचते, पण उशिरा. हवेतला बिघाड टीसीपीला गहाळ पॅकेट म्हणून दिसत नाही, विलंब म्हणून दिसतो. जुन्या मांडणीचा काटा येथे बोथट होतो.

आणि उशीर झाला की मागची पॅकेटे रांगेत साचतात. लिनक्समधील रांगेची पूर्वापार मर्यादा १००० पॅकेटांची. पॅकेट १५०० बाइटांचे धरले तर ती रांग एक कोटी वीस लाख बिटांची झाली. दूरच्या फोनशी दुवा सेकंदाला ६० लाख बिटांवर उतरला असेल, तर भरलेली रांग रिकामी व्हायला पूर्ण दोन सेकंद लागतात, आणि पॅकेट गहाळ होत नाही तोवर नेहमीचा टीसीपी रांग भरतच जातो. या दुखण्याला जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास ‘बफरब्लोट’ हे नाव दिले. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि पुन्हा तेच जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली, जी रांगेची लांबी न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ ताटकळले ते पाहते. लांबीपेक्षा वेळ मोजण्याचा हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण बिनतारी दुव्याचा वेग क्षणोक्षणी बदलतो आणि तेवढीच लांबी कधी काहीच नसते, तर कधी डोंगराएवढी ठरते.

मापनवेडा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त एक प्रश्न त्यात सुटला: दूरच्या फोनचा भुर्दंड जवळच्या लॅपटॉपने का भरावा? रांग सामाईक आहे हे त्याचे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे हवेच्या वाटपात आहे.

समजा जवळचा लॅपटॉप सेकंदाला ५४० लाख बिटांच्या वेगाने बोलतो आणि दूरचा फोन ६० लाखांच्या. १५०० बाइटांचे एक पॅकेट हवेतून जायला लॅपटॉपसाठी सुमारे २२२ मायक्रोसेकंद लागतात, फोनसाठी २००० मायक्रोसेकंद. वायफायची मूळ पद्धत प्रत्येकाला पाठवण्याची सारखीच संधी देते, वेळ सारखा देत नाही. दोघांनी आळीपाळीने एकेक पॅकेट घेतले तर एक फेरी २२२२ मायक्रोसेकंदांची होते आणि वरकड खर्च सोडून दिला तरी दोघांच्याही पदरी सेकंदाला ५४ लाख बिटच पडतात. वेगवान लॅपटॉप संथ फोनच्या ६० लाखांपेक्षाही खाली येतो! त्याऐवजी हवेतला वेळ निम्मा-निम्मा वाटला असता, तर लॅपटॉपला २७० लाख आणि फोनला ३० लाख मिळाले असते. फोनचे नुकसान झाले असते हे खरे, पण एकूण वाहतूक जवळपास तिप्पट झाली असती. ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३मध्ये ही विसंगती गणिताने आणि प्रयोगाने दाखवून दिली होती. लिनक्समध्ये तिच्यावर व्यवस्थित इलाज व्हायला मात्र २०१७ उजाडले. त्या वर्षीच्या कामात प्रत्येक यंत्राची रांग वेगळी केली, त्यावर कोडेल बसवले आणि पाळी ठरवताना पॅकेटांऐवजी खर्च झालेला हवेतला वेळ, म्हणजे एअरटाइम, धरला. ते प्रथम एथ९के या, वायफाय चिप चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये आले, म्हणून तुमच्या राउटरमधील चिप कोणती आणि ड्रायव्हर कोणता हे आधी पाहा. ड्रायव्हर वेगळा असेल, किंवा रांग चिपच्या बंद फर्मवेअरमध्ये असेल, तर तुम्हाला दिसलेला विलंब अगदी अपेक्षित आहे.

सिम्युलेशनबद्दल एक सावधगिरी. अनेक प्रबंधांत तारेच्या जोडणीवर नेटएमने (लिनक्समधील कृत्रिम बिघाड घडवणाऱ्या साधनाने) एक-दोन टक्के पॅकेटे यादृच्छिकपणे टाकून देतात आणि त्याला ‘बिनतारी परिस्थिती’ म्हणतात. मला हे पटत नाही. त्यात पुन्हा पाठवण्याचा वेळ नाही, वेग उतरणे नाही, दुसऱ्याने हवा अडवणे नाही; उरते ती फक्त १९९५ची समस्या. एनएस-३ या जाळ्यांच्या सिम्युलेटरमध्ये या गोष्टी बऱ्याच अंशी येतात, पण तेथेही ड्रायव्हरच्या आतली रांग तुम्ही मांडाल तशीच वागते. खऱ्या राउटरवर फ्लेंट हे साधन चालवा. दोन्ही दिशांनी एकाच वेळी भार टाकून विलंब मोजणारी त्याची चाचणी पुरेशी बोलकी आहे. एक लॅपटॉप मॉनिटर मोडमध्ये (इतरांच्याही फ्रेम ऐकण्याच्या स्थितीत) ठेवून हवेतल्या फ्रेम टिपा. फ्रेमवर ‘पुन्हा पाठवली’ अशी खूण असते आणि ती कोणत्या वेगाने गेली तेही नोंदले जाते, म्हणजे एअरटाइमचा हिशेब हाती येतो.

मनोऱ्यावरचा

चर्चा एका खोलीतील वायफायपुरती चालली आहे. मोकळ्या मैदानातील लांब पल्ल्याच्या दुव्यांवर आपल्याकडेच चांगले काम झाले आहे, ते दुर्लक्षू नये.

प्रकाशाला एक किलोमीटर कापायला साधारण ३.३ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १० किलोमीटरच्या दुव्यावर जाऊन-येऊन ६७. वायफायच्या ८०२.११बी प्रकारात वेळेचा कप्पा (स्लॉट) २० मायक्रोसेकंदांचा असतो. पलीकडच्याने बोलायला सुरुवात केली हे अलीकडच्याला तेवढ्या वेळात ऐकूच येत नाही, आणि पोच यायच्या आतच ती हरवली असे समजून फ्रेम पुन्हा पाठवली जाते. लिनक्समध्ये अंतर मीटरमध्ये सांगून पोचेची मुदत वाढवता येते, पण कार्ड व ड्रायव्हर ते मानत असेल तरच. कानपूरच्या आयआयटीतील ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’ प्रकल्पात मनोऱ्यांवर दिशादर्शी अँटेना लावून गावे जोडली गेली. तेथील भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५मध्ये ‘टू-पी’ ही पद्धत मांडली. तिच्यात आधी ऐकून मग बोलण्याचा वायफायचा शिरस्ता बाजूला ठेवतात, आणि एका मनोऱ्यावरचे सगळे दुवे एकाच वेळी पाठवतात किंवा एकाच वेळी ऐकतात. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या मोजमापांत पाऊस-धुक्यापेक्षा आसपासच्या इतर वायफायचा उपद्रव पॅकेट गहाळ होण्यामागे अधिक असल्याचे दिसले. गावातला दुवा वस्तीपासून दूर असेपर्यंत शहाण्यासारखा वागतो, दुसरे टोक शहरात आले की बिघडतो.

महाराष्ट्रातले उदाहरण पालघर जिल्ह्याचे आहे. मुंबई आयआयटीत अभय करंदीकर यांच्या गटाने ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या दूरचित्रवाणीच्या पट्ट्याचा अभ्यास केला. जमिनीवरून प्रक्षेपण करणारे दूरदर्शन एकटेच असल्यामुळे देशात बहुतेक पट्टा रिकामाच पडून असल्याचे, म्हणजे १५पैकी निदान १२ चॅनेल उपलब्ध असल्याचे, त्यांनी दाखवले. खामलोली परिसरात त्यावर चाचणी जाळेही उभारले. या लहरी झाडोऱ्यातून वायफायच्या लहरींपेक्षा बऱ्या जातात, आणि पालघरच्या बाजूला तो काही लहानसहान फायदा नाही. तुमच्याकडे मनोरा नसेल तर हा विषय प्रबंधासाठी घेऊ नका, परवानगी आणि चढउतार यातच वर्ष जाते. संदर्भ म्हणून मात्र ठेवा.

संचारविद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. राउटरमधील चिप एथ९केची नाही हे तपासून पाहिले. आणखी एक शंका आहे. आता बरीच वाहतूक क्विक या टीसीपीला पर्यायी नियमावलीवरून जाते आणि गूगलची बीबीआर ही गर्दी-नियंत्रणाची पद्धत तर गहाळ पॅकेटांवर फारशी विसंबतच नाही. मग टीसीपी हा शब्द शीर्षकात ठेवणे योग्य होईल का?

जुनापॅकेट

शीर्षकात ‘टीसीपी’ऐवजी ‘गर्दी-नियंत्रण’ ठेवा, म्हणजे दोन्ही सामावतील. क्विकचे मानक २०२१चे असून त्यात वाहतुकीच्या बहुतेक खुणा कूटबद्ध असतात. वाटेतल्या यंत्राने पोच वाचून मधल्या मधे मदत करण्याचा स्नूपसारखा मार्ग त्यामुळे कायमचा बंद झाला. जे करायचे ते एक तर दोन्ही टोकांना, नाही तर रांगेत.

बीबीआरही हवेच्या लहरीपणातून सुटलेली नाही. वायफाय अनेक फ्रेम एकत्र बांधून पाठवते, त्यामुळे पोचाही थांबून थांबून घोळक्याने येतात, आणि पोचांच्या लयीवरून दुव्याची क्षमता ताडणाऱ्या पद्धतीचा अंदाज चुकतो. वेग पुरेसा असूनही पाठवणारा मध्येच थबकतो. २०१९मध्ये लिनक्समधील बीबीआरमध्ये याच कारणासाठी सुधारणा करावी लागली.

तुमच्या साधनांत बसेल असा प्रयोग सुचवतो. सध्याचा राउटर आणि एथ९केचा एखादा जुना राउटर, अशा दोहोंवर जवळचा लॅपटॉप आणि भिंतींपलीकडचा फोन हीच रचना ठेवा. क्युबिक (लिनक्सची नेहमीची गर्दी-नियंत्रण पद्धत) आणि बीबीआर आळीपाळीने लावा आणि प्रत्येक वेळी तीन गोष्टी नोंदवा: लॅपटॉपचा विलंब, दोघांचा वेग आणि दोघांनी खाल्लेला एअरटाइम. फोनची जागा जमिनीवर खडूने आखून ठेवा. वीतभर सरकला तरी वेग बदलतो आणि दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

मापनवेडा

मोजमाप रात्री घ्या. दिवसा शेजारच्या वर्गातले फोन तुमच्या आलेखात शिरतील.